राउटरचा अ‍ॅडॉप्टर बदलायचा आहे? आधी हे मोजा, मग बदला

वायफाय मधूनमधून तुटतं, राउटर आपोआप बंद होऊन चालू होतो, फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसत असूनही नेट रेंगाळतं. अशा वेळी लोक अँटेना हलवतात, सेटिंग बदलतात, नवा राउटर आणण्याचा विचार करतात. अ‍ॅडॉप्टरकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. राउटरला लागणारी वीज मात्र त्या छोट्या डबीतूनच येते, आणि राउटर बिघडण्याआधी बऱ्याचदा तीच थकते. म्हणून तपासणीला तिथून सुरुवात करावी, असं मी नवख्यांना आवर्जून सांगतो.

याबद्दल एक समज फार पसरलेला आहे. राउटरला मोठा, म्हणजे जास्त अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावला की रेंज वाढते, असं सांगितलं जातं. तसं होत नाही. राउटर हवेत किती ताकदीने सिग्नल सोडतो हे त्याच्या रेडिओ चिपवर आणि सॉफ्टवेअरमध्ये घालून दिलेल्या मर्यादेवर ठरतं. ही मर्यादा प्रत्येक देशाच्या नियमांनुसार असते. अ‍ॅडॉप्टरवर २ अँपिअर लिहिलं असेल तर तो २ अँपिअरपर्यंत करंट देऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ. राउटरला ०.७ अँपिअर लागत असेल तर तो तेवढाच घेतो. चांगला अ‍ॅडॉप्टर राउटरला त्याच्या मूळ क्षमतेने चालू देतो, त्यापुढे नेत नाही. आधीचा अ‍ॅडॉप्टर कमी पडत असेल तर बदल लगेच जाणवतो, नसेल तर काहीच फरक पडत नाही. आपला राउटर यांपैकी कुठे बसतो हे आधी शोधायचं आहे.

वीज कमी पडली की सिग्नलचं काय होतं

अ‍ॅडॉप्टरमधून येणारे १२ व्होल्ट राउटरमधल्या चिपा थेट वापरत नाहीत. बोर्डावरचे छोटे कन्व्हर्टर त्यातून ५, ३.३, १.५ आणि साधारण १ व्होल्ट असे वेगवेगळे पुरवठे तयार करतात. प्रोसेसर खालच्या व्होल्टेजवर चालतो, तर सिग्नल हवेत ढकलणारा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक वेळा ३.३ किंवा ५ व्होल्टवर. रेडिओ प्रक्षेपण करतो ते तुटक तुटक, झटक्यांनी. दर झटक्याला करंट एकदम वर जातो आणि पुन्हा खाली येतो. अ‍ॅडॉप्टर धडधाकट असेल तर व्होल्टेज स्थिर राहतं. थकलेला असेल तर नेमकं त्या क्षणी ते खाली घसरतं.

घसरण मोठी असेल तर प्रोसेसर रीसेट होतो आणि राउटर नव्याने सुरू होतो. हे डोळ्यांना दिसतं. लहान घसरण जास्त फसवी असते. अ‍ॅम्प्लिफायरला पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही की लहरींचा आकार बिघडतो. लहरींच्या वेगवेगळ्या पातळ्यांमध्ये माहिती भरण्याच्या पद्धतीला क्यूएएम म्हणतात; वायफाय ५ या पिढीत ती २५६ आणि वायफाय ६ मध्ये १०२४ पातळ्यांपर्यंत वापरतात. या पातळ्या एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की थोडी विकृतीही समोरच्या फोनला चुकीची पातळी वाचायला पुरते. मग तेच पॅकेट पुन्हा पाठवावं लागतं, आणि तसं वारंवार झालं की राउटर स्वतःहून कमी वेगाच्या, साध्या पद्धतीवर उतरतो.

फोनवरच्या काड्या मात्र भरलेल्याच राहतात, कारण त्या सिग्नलची ताकद दाखवतात, शुद्धता दाखवत नाहीत. राउटर आपली ओळख सांगणारे संकेत सतत पाठवत असतो. ते साध्या, कमी वेगाच्या पद्धतीने जातात, त्यामुळे थोड्या विकृतीतही नीट पोचतात. भरलेल्या काड्या आणि रेंगाळणारं नेट अशी जोडी दिसली तर वीजपुरवठा हे तपासायच्या कारणांपैकी एक आहे. एकमेव नाही: शेजारच्या राउटरची गर्दी किंवा बाहेरून येणारी लाइन यांनीही हेच होतं. म्हणून पुढच्या पायऱ्या.

पायरी १: दोष राउटरचा की लाइनचा, ते वेगळं करा

राउटरच्या सेटिंग पानावर जा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरखालच्या लेबलवर छापलेला असतो. तिथे सिस्टिम किंवा स्टेटस या भागात ‘अपटाइम’ शोधा. राउटर किती वेळ सलग चालू आहे ते त्यात दिसतं. तुम्ही बंद केलेला नाही, वीजही गेलेली नाही, तरी अपटाइम काही मिनिटांचाच दिसत असेल, तर राउटर स्वतःहून रीस्टार्ट झाला आहे. अ‍ॅडॉप्टरवरचा संशय पक्का करायला हा सर्वांत स्वस्त पुरावा. काही राउटरमध्ये लॉगही असतो, पण वीज तुटून झालेल्या रीस्टार्टनंतर तो अनेकदा कोरा झालेला असतो, म्हणून भर अपटाइमवर द्या.

दुसरी चाचणी पिंगची, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते पाहण्याची. एक कॉम्प्युटर केबलने आणि एक वायफायने जोडा. दोन्हींवरून राउटरच्याच पत्त्याला सलग पिंग करत राहा आणि दरम्यान फोनवर एखादी मोठी फाइल उतरवायला लावा. दोन्हीकडचे पिंग एकाच वेळी तुटले तर राउटर स्वतःच अडखळतो आहे. केबलचं पिंग स्वच्छ आणि वायफायचं तुटक असेल तर दोष रेडिओच्या बाजूला आहे. राउटरपर्यंतचं पिंग दोन्हीकडे ठीक आणि तरी नेट बंद, तर बाहेरच्या लाइनची तक्रार करा. त्या वेळी अ‍ॅडॉप्टरला हात लावण्यात अर्थ नाही.

आणखी काही खुणा लक्षात ठेवा. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क गायब होऊन परत येणं, यूएसबीला डिस्क लावली की वायफाय कोसळणं, दिवे मंद होणं किंवा एकदम सगळे लुकलुकणं, अ‍ॅडॉप्टरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येणं. डिस्कच्या बाबतीत मात्र सावध राहा. यूएसबी ३.० ची केबल आणि डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात स्वतःच रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. डिस्क लावल्यावर फक्त २.४ चं नेटवर्क खराब होत असेल आणि ५ चं ठीक राहत असेल, तर कारण बहुधा हे आहे. अशा वेळी डिस्क लांब ठेवा आणि चांगली शील्ड असलेली केबल वापरा.

पायरी २: लेबल वाचा, दोन्हीकडचं

राउटरखालचं लेबल आणि अ‍ॅडॉप्टरवरचं लेबल शेजारी ठेवून वाचा. घरात दोनचार उपकरणं असली की अ‍ॅडॉप्टर सहज अदलाबदल होतात, कारण पिना सारख्याच दिसतात. ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टच्या राउटरला लागलेला असतो आणि राउटर तरीही सुरू होतो. फक्त भार आला की अडकतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात, इतकी ही गोष्ट साधी आहे.

अ‍ॅडॉप्टरच्या लेबलवरची ‘इनपुट’ची ओळ भिंतीतल्या विजेबद्दल असते, ती सोडा. ‘आउटपुट’च्या ओळीतल्या चार गोष्टी जुळायला हव्यात.

व्होल्टेज तंतोतंत तेच हवं. १२ ला १२, ९ ला ९, ५ ला ५. व्होल्टेज जास्त दिलं की सिग्नल वाढेल या आशेने ९ च्या जागी १२ लावू नका, बोर्डावरचे कपॅसिटर किंवा कन्व्हर्टर जळू शकतात. काही राउटरच्या लेबलवरच ‘८ ते ३० व्होल्ट’ असा पल्ला छापलेला असतो. तसं असेल तरच त्या पल्ल्यात मोकळीक आहे.

करंट राउटरला लागतो तेवढा किंवा त्याहून जास्त. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या राउटरला १२ व्होल्ट १.५ किंवा २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर उत्तम. तो निम्म्या भारावर चालतो, कमी तापतो, जास्त टिकतो. ५ अँपिअरचा लावून काही कमावत नाही. उलट कुठे शॉर्ट झालंच तर तो त्या दोषात जास्त करंट ओततो.

तिसरी गोष्ट, वीज डीसी आहे की एसी. व्होल्टच्या शेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. लाटेसारखी खूण म्हणजे एसी. आजचे जवळपास सगळे राउटर डीसीवर चालतात, पण काही जुन्या मोडेमचे अ‍ॅडॉप्टर एसी देत असत. जुन्या खोक्यातून काढलेला अ‍ॅडॉप्टर लावण्याआधी ही खूण पाहाच.

चौथी, पोलॅरिटी. लेबलवर एक छोटा ठिपका आणि त्याभोवती अर्धवर्तुळ काढलेलं असतं, आणि कोणती बाजू अधिक, कोणती उणे ते दाखवलेलं असतं. राउटरमध्ये बहुधा आतला भाग अधिक असतो. ‘बहुधा’वर विसंबू नका. दोन्ही लेबलांवरची आकृती सारखी आहे ना, ते पाहा. उलटा पुरवठा मिळाला आणि बोर्डावर संरक्षण नसेल तर राउटर एका क्षणात जातो.

पायरी ३: पिनचं माप

इथे नवखे लोक सर्वांत जास्त फसतात, कारण चूक डोळ्यांना दिसत नाही. राउटरची सर्वांत प्रचलित गोल पिन बाहेरून ५.५ मिमी जाड असते. आतलं भोक मात्र दोन मापांचं मिळतं, २.१ आणि २.५ मिमी. राउटरच्या सॉकेटमधली सुई २.१ ची आणि तुम्ही आणलेल्या पिनचं भोक २.५ चं असेल, तर पिन आत जाते, दिवे लागतात आणि सगळं ठीक वाटतं. संपर्क मात्र सैल राहतो. वायर जराशी हलली की क्षणभर वीज तुटते, आणि सैल जागी रोधामुळे पिन तापते. नवा अ‍ॅडॉप्टर आणूनही तक्रार तशीच राहिली तर आधी हे तपासा. राउटर चालू ठेवून पिन हळूच गोल फिरवा आणि थोडी वरखाली हलवा. दिवे लुकलुकले तर माप चुकलं आहे किंवा सॉकेट सैल झालं आहे. लहान राउटरमध्ये याहून बारीक, ३.५ मिमीच्या पिनाही असतात.

पायरी ४: मल्टिमीटरने मोजा

मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवा. लाल टोक पिनच्या आत, काळं टोक बाहेरच्या धातूला. आकडा धन आला तर आतला भाग अधिक आहे. दोन्ही टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका.

पण हे माप मोकळ्या अ‍ॅडॉप्टरचं आहे, आणि थकलेला अ‍ॅडॉप्टरही मोकळा असताना अगदी बरोबर १२ व्होल्ट दाखवतो. खरं माप भाराखाली घ्यायचं असतं. त्यासाठी सीसीटीव्हीच्या कामात वापरतात ते स्क्रूचे डीसी कनेक्टर घ्या, एक नर आणि एक मादी, राउटरच्याच मापाचे. दोघांचे अधिक-अधिक आणि उणे-उणे स्क्रू आखूड, जाडसर वायरने जोडा. ही जोडणी अ‍ॅडॉप्टर आणि राउटर यांच्या मध्ये बसते आणि राउटर चालू असताना स्क्रूंवर मल्टिमीटरची टोकं टेकवता येतात. मूळ वायर कापायची गरज नाही. राउटर लावण्याआधी जोडणीच्या टोकाची पोलॅरिटी एकदा मोजून खात्री करा.

आता दोन उपकरणांवरून वायफायने मोठ्या फाइली पाठवत राहा आणि आकडा पाहा. मोजपट्टी म्हणून पाच टक्के धरा. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरला ११.४ ते १२.६, ९ व्होल्टला ८.५५ ते ९.४५, ५ व्होल्टला ४.७५ ते ५.२५. याखाली घसरत असेल किंवा आकडा सारखा नाचत असेल तर अ‍ॅडॉप्टर बदला. जुन्या, वजनदार, ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅडॉप्टरचा अपवाद लक्षात घ्या. ते मोकळे असताना १५-१६ व्होल्टही दाखवतात आणि भार आल्यावर खाली येतात, तो दोष नव्हे.

मल्टिमीटरची एक मर्यादा आहे. तो एका सेकंदात मोजक्याच वेळा मोजतो, आणि रेडिओचे झटके मिलिसेकंदांचे असतात. क्षणिक घसरण आणि व्होल्टेजवर स्वार झालेली बारीक थरथर, म्हणजे रिपल, पाहायला ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र, लागतो. तो नसेल तरी अडत नाही. त्याच व्होल्टेजचा, त्याच पिनचा, भरवशाचा दुसरा अ‍ॅडॉप्टर मागून आणा आणि दोन-तीन दिवस लावून पाहा. घरच्या तपासणीत याहून खात्रीची चाचणी नाही.

वायरही बघा, विशेषतः ५ व्होल्टवर

अ‍ॅडॉप्टर चांगला आणि वायर बारीक, असं झालं तर राउटरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओहम. दीड मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन ३ मीटर तार, रोध पाव ओहम. १ अँपिअरला पाव व्होल्ट आणि २ अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. १२ व्होल्टमधून अर्धा गेला तर ४ टक्के, चालून जातं. ५ व्होल्टमधून अर्धा गेला तर १० टक्के, आणि राउटर अडखळायला लागतो. म्हणून ५ व्होल्टच्या, यूएसबीवर चालणाऱ्या राउटरला लांबलचक, बारीक केबल लावू नका. फोनसोबत आलेल्या पातळ केबलवर तो डुगडुगतो, आखूड जाड केबलवर स्थिर होतो. राउटर दूर ठेवायचाच असेल तर अ‍ॅडॉप्टरही त्याच्याजवळ न्या आणि लांबी नेटवर्क केबलमध्ये घ्या.

पायरी ५: नवा अ‍ॅडॉप्टर निवडणं

राउटर कंपनीचा मूळ अ‍ॅडॉप्टर मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर नावाजलेल्या कंपनीचा, सुरक्षेच्या प्रमाणपत्राची खूण असलेला घ्या. लेबलवर वर्तुळात रोमन सहाचा आकडा असेल तर तो अ‍ॅडॉप्टर आंतरराष्ट्रीय कार्यक्षमता श्रेणीत सहाव्या स्तराचा आहे. एकात एक दोन चौकोन म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. खुणांची नक्कल होते हे खरं, तरी हातात घेतल्यावर पिसासारखा हलका लागणारा, २ अँपिअरचा दावा करणारा अ‍ॅडॉप्टर मी घेणार नाही. आतले फिल्टर वगळूनच तो तेवढा हलका झालेला असण्याची शक्यता मोठी.

स्वस्त अ‍ॅडॉप्टर आणखी एका वाटेने त्रास देतात. त्यांचा स्विचिंगचा गोंगाट वायरीतून टेलिफोनच्या तांब्याच्या लाइनवर चढतो. टेलिफोनच्या तारेवरून येणारं एडीएसएल२+ प्रकारचं ब्रॉडबँड साधारण २.२ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरतं आणि हा गोंगाट तिथेच पडतो, त्यामुळे लाइनचा वेग घसरतो किंवा मोडेम वारंवार सिंक, म्हणजे लाइनशी जुळलेला संपर्क, गमावतो. परीक्षा सोपी: बॅटरीवरचा मध्यम लहरींचा रेडिओ रिकाम्या स्टेशनवर लावून अ‍ॅडॉप्टरजवळ न्या. खूप खरखर वाढली आणि अ‍ॅडॉप्टर काढताच थांबली, तर तो गोंगाट करणारा आहे. वायरवर राउटरच्या टोकाशी बसणारा फेराइटचा क्लिप थोडी मदत करतो. फायबरच्या लाइनला हा त्रास नाही.

तीन गोष्टी नवख्यांनी करू नयेत

अ‍ॅडॉप्टर उघडून आतला फुगलेला कपॅसिटर बदलणं. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेलं असतं, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतं. यात जीव जाऊ शकतो. अ‍ॅडॉप्टर एवढा मोलाचा नाही.

राउटरच्या पिनजवळ मोठा कपॅसिटर जोडणं. हौशी लोक हे करतात, आणि जाणकाराच्या हातात ते चालतंही. पण मोठा कपॅसिटर सुरू होताना एकदम इतका करंट ओढतो की अ‍ॅडॉप्टरचं संरक्षण त्याला शॉर्ट समजून पुरवठा तोडत राहतं. उलटा जोडला तर तो फुटतो.

पॉवर बँकेच्या ५ व्होल्टवरून १२ व्होल्ट करणाऱ्या केबलवर पूर्ण भाराचा राउटर कायम चालवणं. १२ वॅटसाठी ५ व्होल्टवर २.४ अँपिअर लागतात, रूपांतरातली गळती धरली तर आणखी जास्त. बऱ्याच पॉवर बँका तिथे धापा टाकतात.

वीज जाते म्हणून छोटा डीसी यूपीएस लावला असेल तर तोही याच तपासणीत घ्या. काही साध्या यूपीएसमध्ये तीन लिथियम सेल ओळीने जोडून थेट बाहेर दिलेले असतात. पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट आणि रिकामं होत आलं की ९ च्या आसपास. वीज गेल्यावर सुरुवातीला वायफाय छान आणि नंतर डळमळीत होत असेल तर कारण हे. १२ व्होल्ट स्थिर राखणारा रेग्युलेटर आत असलेला यूपीएस घ्या.

पायरी ६: आधीची आणि नंतरची मोजणी

बदल करण्याआधी एक तक्ता करा. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं अ‍ॅप घ्या. तीन ठरावीक जागी उभं राहून सिग्नलची ताकद डीबीएममध्ये (हे सिग्नल मोजायचं एकक, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार) आणि लिंकचा, म्हणजे फोन-राउटर जोडणीचा, वेग लिहा. उणे ५० म्हणजे जोरदार, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या खाली फारशी अपेक्षा नको. मग आयपर्फ३ या मोफत साधनाने, केबलवरच्या कॉम्प्युटरपासून वायफायवरच्या लॅपटॉपपर्यंतचा वेग मोजा. इंटरनेटची स्पीड टेस्ट इथे कामाची नाही, कारण तिच्यात बाहेरच्या लाइनची गर्दी मिसळते. प्रत्येक जागी काही वेळा मोजून मधला आकडा घ्या. चॅनेल ऑटोवर सोडू नका. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ पैकी एक ठरवून ठेवा, नाहीतर बदल अ‍ॅडॉप्टरमुळे झाला की चॅनेलमुळे, ते कळणार नाही.

आता अ‍ॅडॉप्टर बदला. राउटर सुरू झाल्यावर पंधरावीस मिनिटं तापू द्या आणि तीच मोजणी पुन्हा करा. डीबीएमचे आकडे जवळपास तसेच राहतील, यात निराश होऊ नका. एक-दोन डीबीचा फरक तर तुमच्या उभं राहण्यानेही पडतो. बघायचं ते आयपर्फचा वेग किती स्थिर झाला, पिंग किती वेळा तुटला आणि अपटाइम किती दिवसांवर गेला.

काहीच बदललं नाही, तर जुना अ‍ॅडॉप्टर निर्दोष होता. तो परत लावा, नवा राखीव ठेवा आणि राउटरच्या जागेकडे वळा. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने घटतो, आणि प्रक्षेपणाची ताकद दुप्पट केली तरी फक्त ३ डीबी मिळतात. राउटर कोपऱ्यातल्या कपाटातून काढून मधल्या उंच जागी ठेवण्याने जे मिळतं ते कोणत्याही अ‍ॅडॉप्टरने मिळणार नाही.

फरक पडला असेल तर नव्या अ‍ॅडॉप्टरला हवा लागेल अशी जागा द्या. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दुप्पट होतं, असा ढोबळ नियम आहे. गादीमागे किंवा बंद कपाटात इतर चार अ‍ॅडॉप्टरांना खेटून बसवला तर तोही लवकर थकेल. अ‍ॅडॉप्टरवर आणि राउटरच्या सॉकेटशेजारी ‘राउटर, १२ व्होल्ट’ अशी एकसारखी चिठ्ठी चिकटवा. जुन्यावर ‘खराब’ लिहून तो ई-कचऱ्यात द्या, नाहीतर पुढच्या वेळी घाईत कोणीतरी तोच पुन्हा लावेल.